डाएट सुरू केलं आणि पोट धरलं? आधी ताटातून काय काढलंत ते बघा

जानेवारी उजाडला की सांगलीत आमराईत सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी वाढते. साखर बंद, भात बंद, वडापाव बंद, रात्री फक्त सूप, असे संकल्प चालता चालता एकमेकांना ऐकवले जातात. दहा-पंधरा दिवस गेले की त्यातलंच कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, "बाकी सगळं झकास चाललंय ओ, पण पोट साफ होईना झालंय. असं कसं?" चांगलंचुंगलं सोडून पथ्याचं खायला लागल्यावर पोट बिघडावं, हे कुणालाच पटत नाही. मग कुणी चूर्णाची पुडी सुचवतं, कुणी एरंडेल, कुणी सांगतं तांब्याभर पाणी पी. आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही तो डाएटला रामराम ठोकून मिसळीच्या गाडीवर सापडतो.

माझं म्हणणं असं आहे की काय वाढवायचं ते नंतर ठरवू, आधी काय काढलंत ते बघा. साखर आणि तळण काढायला गेलेला माणूस सहसा त्यांच्यासोबत चोथा, पाणी आणि तेल हे तिन्ही ताटातून काढून बसलेला असतो, आणि ते त्याच्या गावीही नसतं. आतडं चालतं ते या तिघांवर. त्यामुळे डाएट सोडायची गरज नाही. जे चुकून गेलं तेवढं परत आणायचं. ते कसं, हे नव्याने डाएट सुरू करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने सांगते.

पहिली पायरी: ही खरंच बद्धकोष्ठता आहे का?

सकाळी उठल्या उठल्या एकदा झालंच पाहिजे, नाहीतर दिवस वाया, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. वैद्यकशास्त्र एवढं कडक नाही. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत सगळं नॉर्मलमध्ये बसतं. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं, दर वेळी कुंथावं लागणं, खडा होणं, जाऊन आल्यावरही "अजून राहिलंय" असं वाटणं, यातलं काही वारंवार होत असेल तर ती बद्धकोष्ठता.

१९९७ साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी मलाचे सात प्रकार दाखवणारा एक तक्ता प्रसिद्ध केला. तो आजही जगभर डॉक्टर वापरतात. पहिला प्रकार म्हणजे सुट्या, कडक लेंड्या, दुसरा गाठीगाठींचा, तिसरा वरून भेगा पडलेला, चौथा मऊ आणि गुळगुळीत, पाचव्यापासून पुढे पातळ होत जातं. तिसरा-चौथा असेल तर पोट ठीक चाललंय. पहिला-दुसरा असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. बघायची लाज वाटते हे कबूल, पण मोजायला याहून सोपं काही नाही.

एक गोष्ट मात्र आधीच मनातून काढून टाका. जेवण निम्म्यावर आणलंत तर बाहेर पडणारंही कमी होणार. दोनच वेळा जेवणाऱ्या माणसाला एक दिवसाआड, पण मऊ आणि न कुंथता होत असेल, तर त्याला कसलाही आजार नाही. त्यासाठी चूर्ण घेऊ नका.

दुसरी पायरी: ताटाचा हिशेब

मोठ्या माणसाला दिवसाकाठी साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ, म्हणजे आपल्या भाषेत चोथा, लागतो. जागतिक आरोग्य संघटना किमान २५ ग्रॅम सांगते. आता बहुतेकांचं जे 'डाएट' असतं त्याची बेरीज करू. सकाळी तीन-चार चमचे ओट्स, म्हणजे ३ ग्रॅम. दुपारी काकडी-टोमॅटोची बशी, ती दिसायला भरगच्च असली तरी काकडी म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, त्यामुळे २ ग्रॅम. बारीक चाळणीने चाळलेल्या कणकेचा एक फुलका, २ ते ३ ग्रॅम. पनीर, शून्य. संध्याकाळी प्रोटीन पावडर, बहुतेक वेळा शून्यच. अंड्याचा पांढरा भाग, शून्य. रात्री गाळून घेतलेलं सूप. गाळणीत राहिला तो चोथा, वाटीत आलं ते पाणी. सगळं मिळून दहाच्या आत.

आता गावाकडचं साधं ताट घ्या. शाळूच्या दोन मध्यम भाकऱ्यांत १२-१३ ग्रॅम. वाटीभर मटकीची उसळ, ४ ते ५. वाटीभर पालेभाजी, ३. आमटी, २-३. दुपारनंतर एक पेरू, ५ किंवा जास्तच. झाले तिसाच्या जवळ. पाकीट न फोडता, 'सुपरफूड' न आणता. जत-आटपाडीकडची म्हातारी माणसं हे ताट आयुष्यभर जेवली. त्यांना फायबर हा शब्द कधी लागला नाही.

चोथ्याचा हिशेब लगेच पटतो. पाण्याचा सहसा लक्षात येत नाही. शिजलेल्या भातात वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश पाणी असतं. पांढऱ्या भातात चोथा फारसा नाही, म्हणून "भात सोडला तर काय बिघडलं" हे वरवर बरोबर वाटतं. पण भात गेला की त्याच्याबरोबर आमटी जाते, कढी जाते, शेवटचा ताकभात जातो. कारण आमटी नुसती वाटीने पिणारे आपल्यात थोडे. उरतो फुलका आणि कोरडी भाजी. ताटातून मोठा पेलाभर पाणी निघून गेलं आणि ते कुणी मोजलंच नाही.

तेलाचंही असंच. "बिनतेलाची भाजी" हा सध्या घरोघरी अभिमानाचा विषय आहे. जेवणातलं तेल-तूप आतड्याला हलण्याचा इशारा देतं आणि पित्त सुटायला मदत करतं. तळण सोडा, पण दिवसाचं चार-पाच चमचे तेल ठेवा. शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळ्याची चटणी ठेवली तर तेल आणि चोथा दोन्ही एकाच चमच्यात येतात. माझ्या मते वजन कमी करणाऱ्याच्या ताटातून ही चटणी काढायला सांगणारा माणूस ताटाकडे न बघता नुसत्या कॅलरीकडे बघत असतो.

म्हणून कागद घ्या आणि दोन रकाने करा: डाएटच्या आधी दिवसभरात काय खात होतो, आणि आता काय खातो. ज्या ओळी गायब झाल्या त्यांच्यापुढे चोथा, पाणी की तेल ते लिहा. पुढचं सगळं या कागदावरून ठरेल. कुणाचा चोथा गेलेला असतो, कुणाचं नुसतंच पाणी.

तिसरी पायरी: चोथा परत आणा, पण दमानं

इथे नवीन माणूस हमखास उतावळा होतो. कमी पडतंय म्हटल्यावर एकाच दिवशी वाटीभर हरभरा, दोन चमचे इसबगोल आणि गव्हाचा कोंडा. संध्याकाळी पोट डमरू, रात्री वात, आणि "मला फायबर सोसत नाही" हा निष्कर्ष. चोथ्यातला बराच भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून वायू तयार होतो. त्यांना नव्या खाण्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून आठवड्याला साधारण ५ ग्रॅमनेच वाढवायचं. पहिल्या आठवड्यात फुलक्याऐवजी एका वेळची भाकरी. दुसऱ्यात अर्धी वाटी उसळ. तिसऱ्यात एक फळ. इतकं हळू.

कडधान्यांत मूग आणि मटकी हलके, त्यांच्यापासून सुरुवात करा. हरभरा, पावटा, घेवडा नंतर. रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी टाकून द्या, चांगलं मऊ शिजवा, फोडणीत हिंग घाला. कच्चे मोड खायचा सध्या फार आग्रह असतो. पोट आधीच फुगलेल्या माणसाने निदान वाफवून तरी खावेत.

भाकरी ही तर आपली घरची जमेची बाजू. गिरणीतून शाळू दळून आणलात की पीठ मैद्याच्या चाळणीने चाळू नका. गव्हाचंही तेच: कणीक चाळून कोंडा टाकायचा आणि मग औषधाच्या दुकानातून कोंड्याचं पाकीट आणायचं, याला काय म्हणावं! ज्वारीची, बाजरीची, नाचणीची, कुठलीही भाकरी चालेल. चोथ्याच्या दृष्टीने तिघी जवळपास सारख्या आहेत. उगाच "नाचणीच पाहिजे" म्हणून हटून बसू नका.

भाजीत दोडक्याच्या शिरा टाकू नका, त्यांची चटणी करा. गवारी, शेवगा, भेंडी, कृष्णाकाठची वांगी, मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, थंडीत करडईची भाजी, जे बाजारात ताजं दिसेल ते. वजन कमी करायचं म्हणून फक्त सॅलडवर राहणाऱ्यांना एक सांगते: वाटीभर शिजलेली पालेभाजी म्हणजे कच्ची असताना परातभर असते. तेवढी कच्ची कुणी खात नाही.

दात नसलेल्या, कवळी बोचणाऱ्या घरच्या आजी-आजोबांना भाकरी-उसळ जमत नाही. मग त्यांचं जेवण चहा-पाव, मऊ भात आणि दूध-बिस्किटांवर येतं आणि पोट धरतं. त्यांच्यासाठी कण्या करा. गिरणीत शाळू जाडसर भरडून आणा. वाटीभर कण्या धुऊन, वर तरंगणारं फोलपट काढून, तासभर भिजत घाला. पाच वाट्या पाणी उकळून त्यात मीठ आणि कण्या घाला, मंद आचेवर हलवत राहा. तळाला लागतं, म्हणून जाड बुडाचं पातेलं घ्या. कणी बोटाने सहज दाबली गेली आणि मिश्रण लापशीसारखं ओतता आलं की झालं. कोमट असताना ताक, जिरेपूड आणि हवी तर ठेचलेली लसणाची पाकळी घालून वाटीने द्या. यात चोथा आला, पाणी आलं आणि चावायचं काही नाही. हुलग्याचं माडगं हाही तसाच पदार्थ: हुलगे भाजून दळायचे, ते पीठ पाण्यात कालवून उकळायचं, चवीला गूळ किंवा मीठ-जिरं. आंबील तर उन्हाळ्यात घरोघरी असतेच. ज्यांना डाएटचं काही 'पिऊन' घ्यायची सवय लागली आहे त्यांनी शेकच्या जागी आठवड्यातून तीन-चारदा ही आंबील घेऊन बघावी.

फळांत पेरू सगळ्यांत वर, बियांसकट. पपई, अंजीर, चिकू चांगले. चिकू मधुमेहींनी जपून. किवीवर परदेशात बरे अभ्यास झालेत, दिवसाला दोन खाल्ले तर फरक पडतो, पण त्या दोन किवींच्या पैशात पेरू किती येतील तेही बघा. फळाचा रस मात्र नको, त्यात चोथा राहत नाही आणि साखर तेवढी राहते.

आता बेदाणे. आपण तासगावच्या शेजारचे, तेव्हा पोट धरलं की पहिला सल्ला "रात्री बेदाणे भिजत घाल" हाच. सल्ला वाईट नाही, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. वीस बेदाण्यांत चोथा जेमतेम अर्धा ग्रॅम. त्यातल्या टार्टारिक आम्लाचा थोडा सारक गुण आहे, पण तो जाणवायला बरेच बेदाणे खावे लागतात, आणि बेदाण्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. साखर सोडलेल्या माणसाने मूठमूठभर बेदाणे खाणं हा उलटा प्रकार झाला. पंधरा-वीस भिजवलेले, पाण्यासकट, इतपत ठीक. भिजवण्याआधी दोन-तीनदा चोळून धुवा: वाळवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवून काढलेली असतात, आणि पिवळाधमक रंग यावा म्हणून बऱ्याचदा गंधकाची धुरीही दिलेली असते. दमा असणाऱ्यांना गंधकाचा त्रास होऊ शकतो, त्यांनी हा उपाय सोडून दिलेला बरा.

चौथी पायरी: पाणी

"दिवसाला चार लिटर पाणी पी, पोट आपोआप साफ होईल" हे खरं नाही. अंगात पाणी पुरेसं असेल तर जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, आतड्यात थांबत नाही. पाणी कमी पडत असेल तर मात्र मोठं आतडं मलातलं पाणी शोषून घेतं आणि खडा होतो. आणि चोथा वाढवला पण पाणी वाढवलं नाही, तर आधीपेक्षा वाईट अवस्था होते. लघवीचा रंग बघा: फिकट असेल तर पुरेसं आहे, गडद पिवळा असेल तर कमी पडतंय.

एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीच्या आसपास असताना दुचाकीवर फिरणाऱ्याला आणि शेतात राबणाऱ्याला सावलीत बसलेल्यापेक्षा कितीतरी जास्त लागणार. पातळ ताक, आंबील, आमटी, सगळं पाण्यातच धरा. चहा-कॉफीही धरा, कॉफीने तर काहींना सकाळी लगेच जायला होतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असून डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर त्यांचंच माप पाळायचं.

पाचवी पायरी: वेळ द्या आणि नीट बसा

झोपेतून उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर मोठं आतडं आपणहून जोरात हलतं. पोटात अन्न पडलं की खाली जागा करायचा इशारा जातो. नाश्ता बंद करून दुपारी एक वाजता पहिला घास घेणारे हा सकाळचा इशारा गमावतात, कारण एक वाजता ते ऑफिसात किंवा दुकानात असतात. उपवासाचं पथ्य तुम्हाला मानवत असेल तर सोडू नका, पण ज्यांचं पोट त्यानंतरच धरलं त्यांनी महिनाभर सकाळी काहीतरी खाऊन बघावं. मटार-गाजर-शेंगदाणे घातलेलं उपीट, वर मोड आलेली मटकी पेरलेले पोहे, नाहीतर रात्रीची भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून. खाऊन वीस-तीस मिनिटांनी, घाई नसलेल्या वेळी, जाऊन बसायचं. पाच-दहा मिनिटं, मोबाईल बाहेर ठेवून. नाही झालं तर उठायचं. अर्धा अर्धा तास कुंथत बसल्याने मूळव्याध तेवढी मिळते.

नव्या फ्लॅटमध्ये कमोड आले आणि उकिडवं बसणं गेलं. उकिडवं बसल्यावर गुदद्वाराभोवतीचा एक स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. कमोडवर ताठ बसलं की तो अर्धवट आवळलेला राहतो. त्यासाठी कमोड फोडायची गरज नाही. सात-आठ इंच उंचीचं प्लास्टिकचं स्टूल पायाखाली घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, थोडं पुढे वाकून कोपर मांड्यांवर टेकवा. देवघरातला लाकडी पाट ठेंगणा पडतो, त्याचा उपयोग नाही. घरातला हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि सगळ्यांत कमी लोक करून बघतात.

दाबून ठेवणं हे पोट धरण्याचं मोठं कारण आहे, आणि ते बायकांच्या वाट्याला जास्त येतं. सकाळी डबे, मुलांची शाळा, पाण्याची वेळ, मग एसटी, मग कामाच्या जागी धड संडास नाही. जितकं थांबवाल तितका मल आत सुकतो. आणि रोजच थांबवलं तर आतड्याची जाणीवच बोथट होत जाते, लागलंय हेच कळत नाही. घरात सकाळची ती दहा मिनिटं त्या बाईची म्हणून राखून ठेवणं हे बाकीच्यांचं काम आहे, तिचं एकटीचं नाही.

चालणं हवंच. हरिपूर रस्त्याने जा, आमराईत फेऱ्या मारा, सातारकर असाल तर अजिंक्यताऱ्यावर चढा. व्यायामाने वजनाइतकाच पोटालाही फायदा होतो, एवढंच.

सहावी पायरी: गोळ्यांचा डबा उघडा

डाएट सुरू करताना बरेच जण रक्त तपासतात, आणि मग लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात. दोन्हींनी पोट धरू शकतं. दोष मात्र भाकरीला जातो. काही अँटासिड, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या, या सगळ्यांचा हा ठरलेला त्रास आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, प्रकार, वेळ किंवा मात्रा बदलता येते. गरोदरपणात लोहाच्या गोळीने असा त्रास झाला तर आणखी जपून, आणि तेव्हा एरंडेल मुळीच नको.

सातवी पायरी: तरीही नाही झालं तर

ताट सुधारल्यावर दुसऱ्या दिवशीच फरक दिसायचा नाही. खाल्लेलं बाहेर पडायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे निदान दोन-तीन आठवडे धीर धरा. मध्ये आधार लागला तर पहिला इसबगोल. एक चमचा भुसा पूर्ण पेलाभर पाण्यात घालून लगेच, तो फुगायच्या आत प्यायचा, आणि वर आणखी पाणी. कोरडा कधीही तोंडात टाकू नका, घशात अडकतो. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. दुसऱ्या औषधांपासून दोन तासांचं अंतर. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस. गिळायला त्रास असणाऱ्यांनी आणि आतड्याला अडथळा असल्याची शंका असलेल्यांनी तो घ्यायचा नाही.

"आयुर्वेदिक आहे, रोज घेतलं तरी चालतं" म्हणून मिळणाऱ्या पुडीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच चूर्णांत सोनामुखी म्हणजे सनाय असते. ती आतड्याला ढोसून काम करून घेते. प्रवासात, लग्नसराईत अधूनमधून घेतली तर बिघडत नाही, पण स्वतःच्या मनाने महिनोन्महिने नको. एरंडेल त्याहून जोरकस, पोटात कळा आणणारं. रविवारी घरातल्या सगळ्या पोरांना ओळीने पाजायची जुनी पद्धत बंद पडली ते उत्तम झालं. रात्री गरम दुधात तूप बऱ्याच घरांत चालतं. त्यामागे भक्कम पुरावा नाही, पण चमचाभर तुपाने नुकसानही नाही. बरं वाटत असेल तर घ्या.

यापुढची औषधं, लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल, चांगली आणि बरीच सुरक्षित आहेत, पण ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने.

एक प्रकार असा आहे की चोथा जितका वाढवाल तितका त्रास वाढतो. काहींचं आतडंच मंद असतं, तर काहींचे गुदद्वाराचे स्नायू सैल पडायच्या वेळी उलटे आवळले जातात. अशांना आणखी कोंडा देणं म्हणजे बंद रस्त्यावर आणखी गाड्या सोडणं. महिनाभर सगळं नीट करूनही फरक नसेल तर मात्रा वाढवत बसू नका, पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. मिरज हाकेच्या अंतरावर आहे. स्नायूंचा हा दोष बायोफीडबॅक नावाच्या प्रशिक्षणाने सुधारतो, ऑपरेशन लागतंच असं नाही.

थांबायचं नाही अशी लक्षणं

मलातून रक्त जाणं किंवा मल डांबरासारखा काळा होणं (लोहाच्या गोळीनेही काळसर होतो, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या). डाएटच्या मानाने फारच झपाट्याने वजन उतरणं. रक्त कमी असल्याचं निदान. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाची सवय बदलणं. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं. यातलं एक जरी असेल तर "मूळव्याध असेल" म्हणून घरी बसू नका. पोट फुगून टणक झालं, वायूही सरेना, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात न्या. अशा वेळी चूर्ण, एरंडेल, इसबगोल काहीही पाजू नका. आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला अनेक दिवस खडा झालेला असताना अचानक पातळ गळायला लागलं तर ते जुलाब समजून जुलाबाची गोळी देऊ नका. अडकलेल्या खड्याच्या कडेने पाणी झिरपत असतं.

डॉक्टरांकडे जाताना तो दोन रकान्यांचा कागद, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि आठवड्यातून किती वेळा, कुठल्या प्रकारचं होतं याची नोंद बरोबर घ्या. थायरॉइड मंदावलेला असणं आणि मधुमेह ही दोन्ही पोट धरण्याची नेहमीची कारणं आहेत, त्यामुळे त्यांच्या तपासण्या सांगितल्या जातील. गेल्या सहा महिन्यांत त्या झाल्या असतील तर रिपोर्ट घेऊनच जा, तोच खर्च पुन्हा नको.